गोळी नीट चालू आहे, पण बाकीच्या दुखण्यांचं काय? (एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांसाठी)

शेवंती

नमस्कार मंडळी. एचआयव्हीवर इथे जे लिहिलं जातं ते बहुतेक 'कसा होतो, कसा होत नाही' यावरच थांबतं. ज्यांना होऊन पंधरा-वीस वर्षं झाली, ज्यांनी त्यातच पोरं वाढवली, त्यांची लग्नं लावून दिली, त्यांचे आजचे प्रश्न निराळे आहेत. त्यावर बोलायला जागा हवी म्हणून हा धागा.

२००७ साली मिस्टर गेले आणि पाठोपाठ माझी तपासणी झाली. सीडी फोर (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) दोनशेच्या खाली होता. तेव्हा तेवढा खाली गेल्यावरच औषध सुरू करायचे. आता तसं नाही, २०१७ पासून पॉझिटिव्ह आला की लगेच सुरू करतात. गोळ्या मात्र फुकट होत्या. सरकारने १ एप्रिल २००४ पासून त्या द्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे माझ्यासारखीच्या वाट्याला तरी आल्या.

पहिली गोळी स्टॅव्हुडिनवाली. तिने जीव वाचवला, हे आधी सांगते. पण गाल बसले, हातापायांच्या शिरा वर आल्या, तळपायांना अशी आग आणि मुंग्या की रात्री पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवत नसे. मग झिडोवुडिन आली. त्यात रक्त कमी झालं, नखांवर काळे पट्टे आले. मग टेनोफोविर-इफाविरेन्झची एकच गोळी, झोपताना घ्यायची. घेतल्यावर अर्ध्या तासात भिंत धरून बाथरूमला जावं लागायचं, आणि स्वप्नं इतकी खरी पडायची की सकाळी उठून मुलाला विचारायचे, काल खरंच कोणी आलं होतं का. आता टीएलडी. त्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोलुटेग्राविर. पांढरी गोळी, दिवसातून एकदा, बाकी काही त्रास नाही. रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' येतं.

म्हणजे विषाणू आटोक्यात आहे. पण वजन वाढलं, शुगर निघाली, गुडघे धरले. गावातल्या डॉक्टरांनी शुगरसाठी मेटफॉर्मिन एक ग्रॅमची गोळी दोन वेळा लिहून दिली. त्यांना बिचाऱ्यांना माझ्या दुसऱ्या औषधाचं काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या बाजूने बरोबरच होतं. पुढच्या महिन्यात एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्राला) गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, डोलुटेग्राविरमुळे मेटफॉर्मिन रक्तात जास्त साठतं, दिवसाला एक ग्रॅमच्या वर जायचं नाही. त्यांनी डोस निम्मा केला आणि जोडीला दुसरी गोळी दिली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. आपल्या माणसांना आता एचआयव्हीने जेवढा धोका आहे त्याहून जास्त धोका, दोन डॉक्टरांना एकमेकांच्या औषधांचा पत्ता नसण्यात आहे. नातेवाइकांना सांगू नका, शेजाऱ्यांना सांगू नका, पण जो तुम्हाला गोळी लिहून देतो त्याला सांगा. तुमच्यापैकी कोणाकोणाला काय काय दुखणी मागे लागली आणि ती कशी सांभाळताय, ते लिहा.

माणदेशी

शेवंतीताई, तुमचं पटतं, पण तालुक्याच्या गावात हे कसं जमायचं ते सांगा. आमच्या डॉक्टरांचा कंपाउंडर आमच्याच आळीतला. केसपेपर त्याच्या हातात. माझ्या मेव्हण्याने डॉक्टरला विश्वासाने सांगितलं आणि आठ दिवसांत पिठाच्या गिरणीवर बायका त्याच्या घरच्या डब्याला हात लावेनात. वहिनी दळण घेऊन दुसऱ्या गावाला जायला लागली. ज्याने भोगलंय तो पुन्हा तोंड उघडणार नाही.

मी स्वतः गोळ्यांच्या डबीचं लेबल खरवडून काढतो. डबीत वरून कापूस भरतो, नाहीतर एसटीत खड्ड्याला पिशवीतून खुळखुळ वाजते आणि शेजारचा बघतो. एसटीला आपल्याला प्रवास मोफत आहे हेही माहीत आहे. पण कंडक्टरला कार्ड दाखवायचं म्हणजे अख्ख्या गाडीला दाखवल्यासारखं. मी तिकीट काढून जातो.

शेवंती

दादा, डबीत कापूस मीही भरते. फक्त आतली ओलावा शोषणारी छोटी पुडी काढून टाकू नका आणि गोळ्या दुसऱ्या डबीत ओतू नका, दमट हवेत खराब होतात.

मेव्हण्यांचं वाचून फार वाईट वाटलं. गावातल्या डॉक्टरला सांगणं जमत नसेल तर उलट्या बाजूने जाता येतं. बाहेर कोणीही काहीही लिहून दिलं की तो कागद घेऊन एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना दाखवायचा, मगच औषध सुरू करायचं. दोघांपैकी एकाकडे तरी पूर्ण यादी हवी.

जुनी_काउन्सेलर

मी आयसीटीसी (एचआयव्ही तपासणी केंद्र) आणि एआरटी सेंटरवर बरीच वर्षं काउन्सेलर होते, आता निवृत्त आहे. माणदेशी, तुमच्या मेव्हण्यांच्या बाबतीत जे झालं तो नुसता हलकटपणा नाही, कायद्याचा भंग आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ सालचा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. तुमच्या संमतीशिवाय तुमची स्थिती दुसऱ्याला सांगता येत नाही. उपचार नाकारता येत नाहीत. नोकरीवरून काढता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा लागतो. दवाखान्यांसाठी हा आकडा वीसवर आणला आहे. त्याच्या वर राज्याचा लोकपाल. कोर्टात नाव उघड न करता टोपणनावाने केस चालवण्याची मागणीही करता येते.

हे कागदावर आहे आणि गिरणीवरच्या बायकांपर्यंत पोचलेलं नाही, हे मला माहीत आहे. तरी दवाखान्याच्या बाबतीत त्याचा उपयोग होताना मी बघितला आहे. आमच्याकडच्या एका आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका खाजगी दवाखान्याने रिपोर्ट बघून 'मशीन बिघडलंय' म्हणून तीनदा पुढे ढकललं. आमच्या डॉक्टरांनी कायद्याचं कलम घालून एक साधं पत्र दिलं. पुढच्या आठवड्यात मशीन दुरुस्त झालं. आजोबा आता पेपर वाचतात.

शंका असेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा. फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

स्टेथो

मी फिजिशियन आहे. इथल्या कोणाच्या उपचारात ढवळाढवळ करायची नाही, पण शेवंतीताईंनी जो मुद्दा काढला आहे त्यावर सविस्तर लिहितो, कारण आमच्याच व्यवसायातल्या अनेकांना हे माहीत नसतं.

टीएलडी घेणाऱ्यांसाठी सगळ्यात जास्त घडणारी गोष्ट म्हणजे कॅल्शियम, लोह आणि पित्तावरची पातळ औषधं. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं गुलाबी किंवा पांढरं औषध घरोघरी असतं. यातले धातू पोटात डोलुटेग्राविरला पकडून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. म्हणून टीएलडी आधी घ्या आणि ही औषधं दोन तासांनी, किंवा ही आधी घेतली तर टीएलडी सहा तासांनी. कॅल्शियम आणि लोहाच्या बाबतीत एक सोय आहे, भरल्या पोटी जेवणाबरोबर दोन्ही एकत्र घेतली तर चालतात. पातळ अँटासिडला ती सवलत नाही. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांचा टीएलडीशी काही झगडा नाही.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीतला आकडा. डोलुटेग्राविर सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते थोडं वर जातं आणि तिथेच थांबतं. मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट हे औषध अडवतं, मूत्रपिंड बिघडलेलं नसतं. टेनोफोविरने मात्र काही जणांचं मूत्रपिंड खरंच बिघडू शकतं. म्हणून आकडा सतत चढत असेल, लघवीत प्रथिनं जात असतील, रक्तातली साखर नॉर्मल असून लघवीत साखर सापडत असेल, तर ते हलक्यात घेऊ नका. आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून महिनोन्महिने खाणं पूर्ण बंद करा. टेनोफोविर आणि ती गोळी मिळून मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो.

फिटच्या गोळ्या चालू असतील (कार्बामाझेपिन, फेनिटॉइन) तर लगेच सांगा, त्या डोलुटेग्राविरचं प्रमाण खाली आणतात. हिपॅटायटिस बी असेल तर टीएलडी मनाने कधीही थांबवू नका. त्यातली दोन औषधं त्या विषाणूलाही दाबून धरतात, एकदम सोडली तर यकृताला जोरात सूज येऊ शकते.

सेकंडलाइन

डॉक्टरसाहेब, सेकंड लाइनवाल्यांसाठीही (पहिली औषधं लागू पडेनाशी झाली म्हणून दुसऱ्यांवर गेलेल्यांसाठी) लिहा. आमच्याबद्दल कोणी बोलत नाही.

माझं अटाझानाविर-रिटोनाविर चालू आहे. सुरू केल्यावर डोळे पिवळे झाले. घरात एकच धावपळ. भावाने कुठूनशी कावीळ उतरवणाऱ्याची माळ आणली, ती डोक्यावर ठेवायची आणि ती गळ्यापर्यंत मोठी झाली की कावीळ उतरली. आई तेल-हळद बंद करून नुसती ज्वारीची भाकरी आणि ताक द्यायला लागली. सगळ्यांचं म्हणणं, ह्या नव्या गोळीनेच लिव्हर गेलं, सोडून दे. मी सेंटरला गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, एसजीपीटी (यकृताची तपासणी) एकदम ठीक, फक्त बिलिरुबिन वाढलेलं. म्हणाले, अटाझानाविरने असं होतं, दिसायला पिवळं दिसतं, यकृताला इजा नाही, गोळी चालू ठेव. अजून उन्हात कोणी निरखून बघितलं तर विचारतं. मी सांगतो, गॅसच्या गोळीने होतं.

ज्यांना हे कोणी समजावून सांगत नाही ते गोळी सोडतात. सेकंड लाइन सोडली तर पुढे फार वाटा राहत नाहीत, म्हणून लिहिलं.

स्टेथो

सेकंडलाइन, फार महत्त्वाचं लिहिलंत. तुमच्या गोळीतल्या रिटोनाविरबद्दल मुद्दाम सांगतो. रिटोनाविर यकृतातली औषधं मोडण्याची यंत्रणाच दाबतं, त्यामुळे दुसरी औषधं शरीरात अनेक पटींनी साठतात. दम्याच्या पंपातलं फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड, गुडघ्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन, यांनी चेहरा सुजून गोल होणं, शुगर भडकणं असं होतं. अर्धशिशीच्या अर्गोटवाल्या गोळीने हातापायांचा रक्तपुरवठा तुटू शकतो, ती अजिबात नको. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन नको. लैंगिक ताकदीच्या गोळ्या मेडिकलमधून गुपचूप घेणारे असतात, त्यांनीही आधी विचारावं.

आणि तुमच्या बाबतीत पॅन्टोप्राझोल चालत नाही असं धरून चाला. अटाझानाविर शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. म्हणजे टीएलडीवाल्याला जे चालतं ते तुम्हाला चालत नाही. एकमेकांच्या सल्ल्याने औषध घेऊ नये ते यासाठी.

पहाटवारा

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट लिहिते. लग्नाआधी कधी तपासणी केली नव्हती. तीन महिने खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री उशी भिजेल एवढा घाम. वजन उतरलेलं. कारखान्यातलं काम सोडून घरी आला. टीबी निघाला आणि टीबीवाल्यांनी एचआयव्हीची तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. सीडी फोर शंभरच्या आत.

टीबीचं औषध आधी सुरू केलं आणि साधारण दोन आठवड्यांनी एआरटी. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन डोलुटेग्राविर लवकर संपवतं, म्हणून सकाळी टीएलडी आणि बारा तासांनी डोलुटेग्राविरची एक वेगळी गोळी. टीबीचा कोर्स संपल्यावरही दोन आठवडे ती जादा गोळी घ्यायची होती.

पण जे कोणी सांगितलेलं नव्हतं ते असं: ताप उतरला, तोंडाला चव आली, दोन भाकऱ्या खायला लागला, आणि मग अचानक पुन्हा ताप. मानेवर लिंबाएवढी गाठ. आम्हाला वाटलं औषध लागू पडत नाही, संपलं आता. छातीच्या डॉक्टरांनी सुई घालून तपासलं आणि सांगितलं, प्रतिकारशक्ती परत यायला लागली की ती आत दडलेल्या टीबीवर एकदम तुटून पडते, त्याची ही सूज आहे. त्याला 'आयरिस' म्हणतात. काही दिवस स्टिरॉइड दिलं. गाठ हळूहळू बसली. दोन्ही औषधं एक दिवसही बंद केली नाहीत.

आता तो पुन्हा कामावर जातो. रात्रपाळीला गोळीची वेळ कशी सांभाळायची एवढाच त्याचा प्रश्न असतो.

जुनी_काउन्सेलर

पहाटवारा, भावाला सांगा, रात्रपाळी असो की दिवसपाळी, घड्याळातली वेळ तीच ठेवायची. झोपेला बांधलेली वेळ पाळीबरोबर बदलते. डोलुटेग्राविरने झोप उडत असेल तर सकाळची वेळ बरी.

टीबीचं निघालंच आहे तर बाकीच्यांसाठी: टीबी नसेल तरी तो होऊ नये म्हणून सहा महिन्यांची आयएनएच (टीबीवरचीच एक गोळी) देतात, सोबत बी सिक्सची गोळी. 'मला टीबी नाही तर टीबीची गोळी कशाला' म्हणून ती परत करणारे मी खूप पाहिले. घ्या ती. आपल्या देशात एचआयव्हीवाल्याच्या जिवावर उठणारा पहिला आजार टीबी आहे. सेंटरला दर वेळी खोकला, ताप, घाम, वजन हे चार प्रश्न विचारतात तेव्हा घाईने 'नाही, नाही' म्हणून उठू नका.

सई_क

मी नर्स आहे. बायकांसाठी एक. आपल्यात गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं प्रमाण इतर बायकांपेक्षा बरंच जास्त असतं, कारण एचपीव्ही, म्हणजे ज्या विषाणूने हा कॅन्सर होतो तो, शरीरातून लवकर जात नाही. पंचविशीनंतर त्याची तपासणी दर तीन-पाच वर्षांनी करून घ्यायची. सरकारी दवाखान्यात व्हिनेगरसारखं आम्ल लावून बघतात, पाच मिनिटांचं काम आहे. मिस्टर नाहीत म्हणून गरज नाही असं समजू नका. संसर्ग जुना असतो आणि कॅन्सर व्हायला वर्षं लागतात. शेवंतीताई, तुम्ही केली आहे का?

शेवंती

नाही केली सई. कोणी विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाईन तेव्हा त्याच दिवशी करून येते. आमच्या सेंटरच्या समोरच्याच इमारतीत बाळंतपणाचा विभाग आहे.

माणदेशी

मघापासून सगळं वाचतोय. माझ्या पोटात जळजळ असते, मी रोज रात्री जेवल्यावर ते पातळ औषध दोन झाकणं पितो आणि लगेच टीएलडी घेतो. म्हणजे गोळी वायाच चालली होती का? यंदाचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) अजून काढलेला नाही.

स्टेथो

घाबरू नका, पण आजपासून बदला. टीएलडी सकाळी, पातळ औषध रात्री. सेंटरला जाऊन नेमकं हेच सांगा आणि व्हायरल लोड मागून घ्या. तो हजाराच्या वर आला तर गोळी नीट घेण्याबद्दल समुपदेशन करून पुन्हा मोजतात, लगेच लाइन बदलत नाहीत. आणि रोज जळजळ होत असेल तर तिचंही कारण शोधायला हवं. तोंडात पांढरा थर आहे का, गिळताना दुखतं का, हेही सांगा.

माणदेशी

गिळताना दुखत नाही. सोमवारी सेंटरला जातो. कागद घेऊन जातो, औषधाची बाटली पण घेऊन जातो.

नवा_पक्षी

मी बावीस वर्षांचा आहे. जन्मापासून पॉझिटिव्ह. आजीने वाढवलं. लहानपणी पाण्यात विरघळवून गोळ्या द्यायची आणि वरून गुळाचा खडा. 'हाडं बळकट व्हायची गोळी' म्हणायची. आठवीत असताना काउन्सेलर मॅडमनी खरं सांगितलं.

माझे दोन प्रश्न आहेत. इंजिनिअरिंगनंतर पुण्यात नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात जायचंय. आमच्या जिल्ह्यातल्या सेंटरवरून नाव कसं हलवायचं? आणि एक मुलगी आहे, तिला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे. तिची तपासणी निगेटिव्ह आहे. तिच्या घरी आम्ही काय सांगायचं ते नंतर बघू, पण तिला माझ्यापासून धोका किती, हे मला नीट कळायला हवं.

स्टेथो

आधी दुसऱ्याचं उत्तर. औषध नियमित आणि व्हायरल लोड सतत दोनशेच्या खाली असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. 'कमी जातो' असं नाही, जात नाही. पार्टनर नावाच्या युरोपातल्या अभ्यासात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी शेकडो जोडपी वर्षानुवर्षं पाहिली, कंडोमशिवायचे हजारो संबंध मोजले, आणि औषधावर असलेल्या जोडीदाराकडून एकही संसर्ग झाला नाही. मूल हवं असेल तेव्हा तेही नेहमीच्या मार्गाने होऊ शकतं, फक्त आधी सेंटरच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. बाकीच्या लैंगिक आजारांपासून आणि नको असलेल्या गर्भधारणेपासून कंडोमच वाचवतो, ते लक्षात असू द्या.

तिला तुम्ही आधीच सांगितलंत याचं मला फार कौतुक वाटतं.

शेवंती

बाळा, तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग. माझा मुलगा तुझ्याच वयाचा. तो निगेटिव्ह आहे, पण तुझं वाचून आज त्याला फोन केला.

जुनी_काउन्सेलर

नवा_पक्षी, पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. तुझ्या सेंटरला जाऊन ट्रान्सफर मागायची. ते पुण्यातलं सेंटर विचारतील. तू ऑफिस कुठे, राहणार कुठे, ते बघून सोयीचं सांग, कारण गोळ्या घ्यायला जाण्याची वेळ तुझ्या सुट्टीशी जमली पाहिजे. ते ट्रान्सफरचं पत्र देतील आणि तुझी माहिती ऑनलाइन पुढे पाठवतील. निघताना निदान एका महिन्याच्या गोळ्या हातात घेऊन निघ. हिरवं पुस्तक, शेवटचा व्हायरल लोड आणि लहानपणापासून कोणकोणती औषधं झाली याची नोंद, हे सगळं सोबत ने; जन्मापासून औषधावर असलेल्यांच्या बाबतीत जुनी यादी फार कामाला येते. ट्रान्सफर व्हायच्या आधी गोळ्या संपल्या तर कुठल्याही सरकारी एआरटी सेंटरला पुस्तक दाखव, प्रवासात असलेल्याला तात्पुरत्या गोळ्या देतात.

ऑफिसची मेडिकल असेल तर तुझ्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, आणि नोकरीची अट म्हणूनही ती घालता येत नाही. हॉस्टेलवर किंवा फ्लॅटवर मुलं विचारतील गोळी कसली, तेव्हा काय सांगायचं ते आजच ठरवून ठेव.

नवा_पक्षी

आजीचंच सांगेन, हाडं बळकट व्हायची गोळी. सोमवारी पत्र घ्यायला जातो. मॅडम, पुण्यात शनिवारी दुपारी उघडं असणारं सेंटर कुठलं, तेवढं १०९७ वाले सांगतील का?

जुनी_काउन्सेलर

विचारून बघ. पण ट्रान्सफर देताना तुझ्याच सेंटरच्या डेटा मॅनेजरला तिकडे फोन करायला लाव, तो खात्रीची वेळ सांगेल. काही ठिकाणी ओपीडी दुपारीच बंद होते.